मंजुरी भूखंडाला, मरण पाण्याला

ठाणे खाडीत ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो चोच उलटी धरून त्यातले शेवाळ, बारीक जीव गाळून खातात. भरती चढली की ते थव्याने उठतात आणि नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांत विसाव्याला येतात. खाडीला 2015 साली अभयारण्याचे आणि 2022 साली रामसर स्थळाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचे, संरक्षण मिळाले. तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. पक्ष्याला दोन्ही जागा लागतात; सरकारी नकाशात एक अभयारण्य आहे, दुसरीवर विकासकाचा डोळा आहे.

2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तळ्यावर आपण याचे फळ पाहिले. तिथे भरावाचे डंपर रिकामे करावे लागले नाहीत. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा अडल्या, तळे आटले आणि त्या परिसरात फ्लेमिंगो मरून पडले.

पाणथळ जागा अशीच मरते, आणि आपली मंजुरीची पद्धत नेमके हेच पाहत नाही. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. पण अशा इमारतींना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे उघाडी (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणारे बांधातले दार) कुठे आहे, उधाणाचे पाणी कुठवर चढते हे पिढ्यान् पिढ्या जाणणाऱ्या कोळ्याला बोलायला जागाच नाही. 2017 च्या पाणथळ संवर्धन नियमांनी अधिसूचित पाणथळीच्या पूररेषेपासून 50 मीटरपर्यंत पक्के बांधकाम वर्ज्य केले. पण तळ्याला पाणी देणारा नाला त्या पट्ट्याच्या बाहेरून येतो. तो बुजला तर पट्टा राखून काय उपयोग?

परवाना मिळाला म्हणजे काम रास्त झाले, असे मानणाऱ्यांनी केरळमधले मरडू आठवावे. वेंबनाड या रामसर सरोवराच्या परिसरातल्या चार गृहसंकुलांकडे पंचायतीचा परवाना होता. किनारा प्राधिकरणाची संमती नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये ती स्फोटाने पाडली गेली. सही करणाऱ्यांचे आणि बांधणाऱ्यांचे पाप शेकडो कुटुंबांना घर गमावून फेडावे लागले.

म्हणून पाणथळीलगतच्या प्रत्येक प्रकल्पाला जनसुनावणी सक्तीची करा. अर्जासोबत भूखंडाचा नकाशा घेता, तसाच भरती-ओहोटीच्या वाटांचाही घ्या, आणि तो पावसाळ्यात जागेवर जाऊन तपासा.

आणि आपणही हात झटकू नयेत. घर घेताना आपण पार्किंग विचारतो, वास्तू पाहतो. तिथेच पर्यावरण मंजुरीची प्रत मागावी, तिच्या अटी वाचाव्यात, विकासकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा पूर्ततेचा अहवाल पाहावा. मंजुरी चुकीची वाटली तर हरित लवादाकडे जायला साधारण 30 दिवसांचीच मुदत असते. तेव्हा वेळेवर जागे व्हावे. खाडीच्या देखाव्यासाठी आपण जादा पैसे मोजतो. त्याच पैशातून तिचे पाणी अडवणारी भिंत उभी राहणार असेल, तर तो व्यवहार नाकारणे हे आपले कर्तव्य आहे.