घरचा वाफा

भाताची काढणी उरकली की आमच्या भोर-वेल्ह्याकडं खाचरातल्या ओलीवर हरभरा, मसूर टाकतात आणि विहिरीकडंच्या तुकड्यात मुळा. ४०-४५ दिवसांत मुळा हाताशी येतो. थंडीतला गोडसर लागतो, उन्हाळ्यातला जिभेला झोंबतो.

माझी आई बाजाराच्या आदल्या सांजेला मुळे उपटून ओढ्यावर धुवायची. सरळ, पांढरेधोट मुळे पाल्यासकट जुडीत. फाटे फुटलेले, किड्यानं कुरतडलेले घरी. त्यांचीच कोशिंबीर व्हायची. पाला बारीक चिरायचा, मीठ लावून पिळायचा आणि भिजवलेल्या हरभरा डाळीबरोबर लसणाच्या फोडणीत परतायचा. चार मुळे रानातच राहिले तर त्यांना डिंगऱ्या धरायच्या, त्यांचीही भाजी. एकदा मी रागानं विचारलं, "चांगलं सगळं लोकास्नी का?" ती म्हणाली, "पैसं घेतो ना आपण त्यांचं." विषय तिथंच संपला.

पुढं शेत माझ्याकडं आलं आणि मी दोन वाफे करू लागलो. एक बाजाराचा, एक घरचा. मावा पडला की बाजाराच्या वाफ्यावर पंप मारायचा, घरचा तसाच ठेवायचा. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. फवारल्यावर किती दिवस काढणी करू नये तेही लिहिलेलं असतं. दहावी शिकलोय, मला वाचता येतं. पण मुळा थांबत नाही. जादा दिवस राहिला की आत जाळी धरतो आणि भाव जातो.

एका बाजाराला फवारून दोनच दिवस झाले होते. एक म्हातारी नातीचा हात धरून आली. जुडी उचलून म्हणाली, "पाला कवळा दिसतोय. पोरीला पाल्याची भाजी लई आवडती." मी "न्या की" म्हणालो आणि पैसे घेतले. रात्री आमच्या मंडळींनी ताटात पाल्याचीच भाजी वाढली, घरच्या वाफ्यातली. घास घशाखाली जाईना.

मी खोटं बोललो का? तिनं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही. सगळेच फवारतात, हे खरं. पानाला चार भोकं दिसली की गिऱ्हाईक जुडी खाली टाकतं, हेही खरं. पण घरचा वाफा वेगळा राखला, तिथंच माझं सगळं म्हणणं पडलं. मला ठाऊक नसतं तर गोष्ट निराळी. ठाऊक होतं, म्हणून तर राखला. वाटे आईनंही दोनच केले होते. पण तिच्या वाटणीत खोट घरात राहायची.

आता वाफा एकच. मावा दिसला की आधी लिंबोळीचा अर्क. नाहीच आवरला तर औषध मारतो आणि डब्यावरचे दिवस मोजतो. तोवर बाजारात मुळा नाही आणि घरातही नाही. एका हंगामात अर्धा वाफा जून होऊन उकिरड्यावर गेला, बियाण्याचे पैसेही निघाले नाहीत. थोरला म्हणाला, "आबा, अशानं शेती चालंल का?" त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. मला उत्तर देता आलं नाही.

उद्या शेत त्याच्याकडं जाईल. वाफे किती करायचे ते तो ठरवील. दोन करायचे झाले, तर बाजाराच्या वाफ्यातली जुडी आधी आपल्या चुलीवर शिजव, एवढंच त्याला सांगून ठेवलंय.