केलं कुणी?

दिवाळीत शिरूर अनंतपाळला घरी होतो, तेव्हा समोरच्या मावशी फराळाचं ताट घेऊन आल्या. टीव्हीशेजारी ठेवलेलं पितळी इंजिन त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे तू केलंस व्हय रं?" मी "हो" म्हणालो. आप्पा, म्हणजे माझे वडील, पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली. झालं एवढंच. पण त्या "हो"मध्ये खरं किती होतं, हा प्रश्न माझ्या मागे लागला तो सुट्टी संपून पुण्याला परतल्यावरही सुटला नाही.

आधी इंजिनाबद्दल सांगतो. ते वीतभरसुद्धा नाही. इंग्लंडमधल्या एका लहानशा उत्पादकाकडून मी त्याचा किट मागवला होता. किट म्हणजे एक चपटा खोका. त्यात पितळेचे आणि जर्मन सिल्व्हरचे कागदासारखे पातळ पत्रे असतात आणि त्यांवर आम्लाने कोरलेले भाग. तो प्रत्येक भाग पत्र्यापासून कापून काढायचा, कानशीने घासायचा, रेघेवर वाकवायचा आणि डाख देऊन जोडायचा. धुराडं, घुमट असले गोल भाग पांढऱ्या धातूचे ओतीव असतात. हा धातू इतक्या कमी उष्णतेला वितळतो की नेहमीची सोल्डरिंग गन टेकवली तर धुराड्याचा थेंब होतो. त्यासाठी ७० अंशाला वितळणारा वेगळा डाख मिळतो. माझं पहिलं धुराडं असंच गेलं. दुसरं मागवावं लागलं.

मला खरं तर बार्शी लाईटचं इंजिन हवं होतं. आमच्या गावाला रेल्वे नाही, पण लातूर-कुर्डुवाडी-मिरज ही अडीच फुटी लाईन या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून धावते. आप्पा लहानपणी आजोबांचं बोट धरून तिनेच पंढरपूरला गेले होते. बार्शी लाईटचं इंजिन किटमध्ये काही मला मिळालं नाही, मिळालं ते तिचं विलायतेतलं भावंड. बार्शी लाईट उभारणारा इंजिनिअर एव्हरर्ड कॅल्थ्रॉप. १८९७ साली त्याची गाडी बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. हलके रूळ आणि स्वस्त बांधणी हवी असेल, तर इंजिन असो वा वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हिशोब. बार्शीत हिशोब जमला आणि मग इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी लाईन १९०४ साली सुरू झाली. तिचाही इंजिनिअर कॅल्थ्रॉपच. तिच्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने दोन इंजिनं बांधली. बार्शीची पहिली इंजिनंही याच कंपनीची होती. मॅनिफोल्डची लाईन जेमतेम ३० वर्षं चालून १९३४ मध्ये बंद झाली. पण हौशी लोकांनी तिला छोट्या रुळांवर जिवंत ठेवलंय.

तर, हे मी केलं का?

'नाही'च्या बाजूने बोलणं सोपं आहे. कुणीतरी जुने आराखडे शोधले, मापं काढली, कुठला पत्रा कुठे वाकवायचा हे ठरवलं. माझ्या हाती आलं ते उत्तर. मी फक्त ते वाचत वाचत पुढे गेलो. माझा पोटापाण्याचा धंदाही असाच आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे दिवसातला बराच वेळ इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या एकमेकींना जोडतो. वर्षअखेरीला फॉर्म भरताना मात्र 'अमुक सिस्टिम बनवली' असं बिनधास्त लिहितो. ते लिहिताना मला कधी लाज वाटली नाही. मग या इंजिनाच्या वेळीच का वाटावी?

'हो'च्या बाजूनेही बोलता येतं. तो खोका वर्षभर कपाटात ठेवला असता, तर वर्षाअखेरी त्यात पत्रेच निघाले असते. भाग आपणहून जुळत नाहीत. पण जुळवणं म्हणजे बनवणं, असंही सरसकट म्हणता येत नाही. नाहीतर फर्निचरच्या दुकानातून आणलेल्या टेबलाला चार पाय आवळणाराही सुतार ठरेल.

दोन्हींच्या मध्ये एक कसोटी मला सापडली. वस्तू बिघडली तर मी कुणाकडे बोट दाखवू शकतो? जेवढ्या चुका दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाहीत, तेवढी वस्तू माझी. ही कसोटी मला बसून सुचलेली नाही. मी आधी तीत नापास झालो होतो.

दिवाळीला घरी आलो तेव्हा इंजिनाची चौकट तयार होती, पण चालत नव्हती. वाफेच्या इंजिनाची चाकं एका दांड्याने एकमेकांना जोडलेली असतात. प्रत्येक आसावर डाव्या बाजूचा क्रँक आणि उजव्या बाजूचा क्रँक यांच्यात ९० अंशांचा कोन असतो, म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी ढकलते. हा कोन सगळ्या आसांवर नेमका सारखा पाहिजे. जरा फरक पडला की चाक एका जागी येऊन अडतं. माझं इंजिन प्रत्येक फेऱ्याला आचका देत होतं. दांड्यांची भोकंच चुकीच्या अंतरावर कोरली आहेत, असा माझा निष्कर्ष होता आणि उत्पादकाला लिहायचं तक्रारपत्रही तयार होतं. मी मोटरचा व्होल्टेज वाढवत होतो, तेवढ्यात आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"काय करायलास?"

"अडकतंय. पार्ट खराब आलाय."

"मोटार काढ आधी. मोटार लावली की खोट लपती."

आप्पांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, तिफणी-कोळप्यांची दुरुस्ती. तीस वर्षं आर्क बघून डोळे अधू झालेत. मिलिमीटरभराचा स्क्रू त्यांना दिसत नाही. त्यांनी मोटर काढायला लावली, चौकट काचेवर ठेवली आणि एका बोटाने हळूहळू पुढे सरकवली. डोळे दुसरीकडेच होते. चार-पाच फेऱ्यांनंतर म्हणाले, "मधला आऊट हाय." मी मधल्या आसाचा क्रँक तापवून केसभर फिरवला. त्यांनी पुन्हा बोट लावलं. "अजून." असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी चौकट काचेवरून अशी गेली की टेबलाच्या कडेला हात धरावा लागला. भोकं बरोबर होती. चूक माझी होती. ते पत्र मी पुसून टाकलं.

म्हणून म्हणतो, तोपर्यंत ते इंजिन माझं नव्हतंच. खोट कबूल केली तेव्हा कुठे ते माझं व्हायला लागलं. या कसोटीवर मी खूश होतो. नंतर पाट्या लावायची वेळ आली.

किटमध्ये नखाहून लहान दोन पितळी पाट्या होत्या. मॅनिफोल्डच्या इंजिनांना नावं होती. पहिल्याचं नाव 'ई. आर. कॅल्थ्रॉप', दुसऱ्याचं 'जे. बी. अर्ल'. दोघेही त्या लाईनचे इंजिनिअर. मी चिमट्याने पाटी लावत होतो.

"नाव कुणाचं हाय?"

"इंजिनिअरचं. आपली बार्शी लाईट त्यानंच केली."

"आन इंजिन केलं कुणी?"

"कंपनीनं. लीड्सच्या."

"कंपनीत कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या काळी आपल्याकडे येणारी इंजिनं सहसा सुट्या भागांत बोटीवर चढत आणि इथे उतरल्यावर पुन्हा उभी केली जात. म्हणजे बार्शी लाईटवर जे धावलं तेही एका अर्थी किटच होतं, माझ्याहून ७६ पट मोठं. ते कुणीतरी जोडलं. पुढे कित्येक वर्षं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात कुणीतरी त्याचे दांडे काढले, बसवले, बोट लावून "मधला आऊट आहे" म्हटलं. त्यांची पाटी कुठे नाही. मात्र इंजिन घाटात बंद पडलं असेल, तेव्हा बोलणी खायला लीड्सहून कुणी आलं नसणार.

इथे माझ्या कसोटीची दुसरी बाजू उघडी पडली. चुकीची जबाबदारी ज्याची, वस्तू त्याची, असं मी म्हणत होतो. मग आप्पांनी केलेल्या सगळ्या ट्रॉल्या आप्पांच्या व्हायला हव्यात. एक ट्रॉली मला चांगली आठवते. मी दहावीत होतो. ट्रॉलीचा हूक ऊस भरलेला असताना तुटला. हूक तयार विकत आणलेला, ओतीव होता, आत पोकळी निघाली. आप्पांचं वेल्डिंग जसंच्या तसं होतं. मालक दुकानात येऊन चार माणसांत वाट्टेल ते बोलला. आप्पांनी नवा हूक स्वतःच्या पैशाने आणून बसवून दिला. मी चिडून विचारलं, की चूक हूक बनवणाऱ्याची, तर आपण का भरायचं? "जोडलं कुणी? आपुन ना?" एवढंच म्हणाले. त्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर पेंटरने मालकाचं नाव, त्याच्या दोन मुलांची नावं आणि 'आईवडिलांची कृपा' असं रंगवलं होतं. कोपऱ्यात पेंटरची सहीसुद्धा होती.

छंदाचं सुख नेमकं कशात आहे, ते मला आता थोडं कळतं. माझ्या टेबलावर दोष आणि श्रेय एकाच माणसाकडे येतात. धुराडं वितळलं तर माझ्याकडून, चाक फिरलं तर माझ्याकडून. बाहेरच्या जगात ही दोन टपालं वेगवेगळ्या पत्त्यांवर जातात. श्रेय वर जातं, पाटीवर, फॉर्मवर. दोष खाली येतो, ज्याच्या हातात पाना असेल त्याच्याकडे. माझ्या ऑफिसात रात्री दोनला सिस्टिम बंद पडते तेव्हा फोन वर्ष-दोन वर्षं अनुभव असलेल्या पोराला जातो, आणि ती 'बनवली' असं मी लिहिलेलं असतं. आपण हातांनी काही केल्याचा आनंद मिळावा म्हणून मी मोटर, चाकं, टपाल आणि कस्टम ड्युटी धरून वीस हजारांवर रुपये मोजले. आप्पांना तेच काम करायचे पैसे मिळत, पण हा आनंद त्या मजुरीत धरलेला नसायचा. मला पाना धरावा लागू नये, म्हणून त्यांनी मला दुकानात फारसं येऊ दिलं नाही. मी इंजिनिअर झालो आणि एक क्रँक सरळ बसवायला तिशीजवळ त्यांच्या बोटाची गरज पडली.

यावर उपाय काय? पाट्यांची संख्या वाढवणं, असं मला सुचलं. निदान या इंजिनाखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, आप्पांचं नाव कोरावं. आणि ऑफिसच्या फॉर्मवर यंदा सोबतच्यांची नावं लिहावीत. जाण्याच्या आदल्या रात्री मी आप्पांना हे सगळं जमेल तसं सांगितलं. दोष, श्रेय, पाटी, ट्रॉलीवरचं नाव. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नावाचं ऱ्हाऊ दे," म्हणाले. "त्यानं ट्रॉलीचे ऱ्हायलेले चार हजार दिले असते तरी चाललं असतं."

मग त्यांनी इंजिन उचललं, उलटं केलं आणि मधलं चाक एकदा बोटाने फिरवून पाहिलं.