माशाची गादी म्हणून आणलेला जीव

तुझ्या समुद्रफुलाचा फोटो पाहिला. खाली लिहिलं आहेस, ‘सर, कसं दिसतंय?’ कसं दिसतंय ते ऐक. तोंड आ वासलेलं, कडा आत वळलेल्या, रंग उडालेला. मरायला टेकलंय ते! आणि तू मला त्यावर लोळणाऱ्या केशरी माशाचं कौतुक सांगतोस.

जे आणलंस त्याचं नाव काय, हे दुकानदाराला विचारलंस का? ‘कार्पेट ॲनिमोन’ हे उत्तर मला नको. त्या एका पाटीखाली स्टिकोडॅक्टिलाच्या तीन जाती विकतात आणि तिघींचं राहणं वेगळं. मर्टेन्सी खडकाला धरून राहतं आणि मीटरभराच्याही पुढे पसरतं. जायगँटिया उथळ पाण्यातलं. त्याला लख्ख ऊन आणि सतत खळबळतं पाणी हवं. हड्डोनी वाळूतलं. तळवा वाळूच्या पोटात रोवतं आणि धोका वाटला की अख्खं आत ओढून घेतं. तुझ्या फोटोतली आखूड, दाट, दोन रंगांची बोंडं बघता हे हड्डोनी आहे. आणि तू त्याला कपारीत कोंबून वर दोन दगड ठेवलेस! टाकीत वाळू किती, तर शोभेपुरती दोन बोटं. त्याला बारा-पंधरा सेंटिमीटर लागते. रात्री ते सरकत काचेपाशी गेलं म्हणून वैतागलास. अरे, जागा शोधत होतं ते. त्याला ओरबाडून काढून पुन्हा तिथेच बसवलंस. तळवा फाटलेलं समुद्रफूल सहसा वाचत नाही, एवढं तरी वाचून ठेवायचं होतंस.

परीक्षेत समुद्रफुलांच्या नायडेरिया संघावरच्या प्रश्नाला तुला पैकीच्या पैकी गुण दिले होते मी. ते परत घ्यावेसे वाटतात.

तू म्हणतोस, माशासाठी आणलं. तेच मला जास्त खुपतं. डॅफ्नी फॉटिन आणि जेराल्ड ॲलन यांनी १९९२ साली क्लाउनफिश आणि त्यांच्या समुद्रफुलांवर पुस्तक लिहिलं. या माशांना आसरा देणाऱ्या दहाच जाती त्यात आहेत, आणि तुझा केशरी ओसेलॅरिस क्लाउनफिश समुद्रात त्यातल्या तिघींपाशीच राहतो. हड्डोनी त्या तिघींत नाही. टाकीत पर्याय नसला की तो त्यावर बसतो, तसा बसलाय. पण टाकीतल्या क्लाउनफिशला समुद्रफुलाची गरजच नसते. मोठा मासा गिळायला येणार नसेल तर तो एखाद्या दगडाच्या आडोशालाही सुखात राहतो. शिवाय क्लाउनफिश आज टाक्यांमध्ये पैदा होतात, कार्पेट ॲनिमोन मात्र जवळपास सगळी समुद्रातून उपटून आणलेली असतात. पैदास केलेल्या माशाच्या गादीसाठी तू रानातला जीव विकत घेतलास.

तो किती जगला असता, ठाऊक आहे? जॉन डॅलिएल नावाच्या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणू लागले. डॅलिएल वारले, ग्रॅनी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली आणि १८८७ पर्यंत जगली. ‘मग तीही बरणीतच होती ना?’ म्हणून उसळू नकोस. ती थंड किनाऱ्यावरची वेगळी जात; तिच्या अंगात शैवाल नाही, म्हणून तिला उन्हाची गरज नव्हती. आणि बरणीतलं समुद्राचं पाणी नेमाने बदललं जात होतं. मालक बदलले, नेम मोडला नाही. तुझा नेम दीड महिन्यात मोडला.

हड्डोनीच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं अन्न तेच बनवतं. प्रकाश कमी पडला, पाणी तापलं की शैवाल निघून जातं आणि अंग पांढुरकं पडतं. जो ‘सुंदर फिका रंग’ तुला आवडला, तो उपासमारीचा आहे. जामनगरजवळ नराराला ओहोटीच्या वेळी ही समुद्रफुलं घोटाभर पाण्यात दिसतात. ते पाहून कोणालाही वाटेल, ह्याला काय लागतं? वरचं अख्खं ऊन लागतं, आणि दिवसातून दोनदा नव्याने येणारा समुद्र लागतो.

तुझ्याकडे एकशेवीस लिटर पाणी आहे. चारशे लिटरच्या आत या प्राण्याचा विचारही करायचा नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायलाच नव्या टाकीला चार-सहा आठवडे लागतात. समुद्रफुलासाठी ती निदान सहा महिने, खरं तर वर्षभर मुरलेली हवी. क्षारता पस्तीसच्या आसपास, तापमान २५–२६ अंश, आणि दोन्ही स्थिर. पुण्यात एप्रिलमध्ये बंद खोलीतल्या टाकीचं पाणी तिसाच्या वर जातं आणि तू चिलर ‘पुढच्या बोनसला’ घेणार आहेस. वीज गेली की पंप थांबतो, प्राणवायू संपतो. बॅटरीवरचा साधा एअरपंपही तुझ्याकडे नाही. पाणी फिरवणाऱ्या पॉवरहेडला जाळी नाही. फिरतं समुद्रफूल त्यात ओढलं गेलं तर त्याचा खिमा होतोच, त्या विषाने उरलेली टाकीही जाते.

खाऊ घालायची हौस मात्र दांडगी. अख्खी कोळंबी तोंडात ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी त्याने ती ओकली, यात नवल काय? नखाएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा-दोनदा, तोही ते धडधाकट असताना. आणि तुझी गोबी मासोळी ‘उडी मारून बाहेर गेली’ म्हणतोस. फरशीवर सापडली का? हड्डोनी मासे खातं, हे नवशिक्यालाही माहीत असतं.

आता रडगाणं पुरे. तुझ्या गावात ज्याच्याकडे मोठी, जुनी, खोल वाळूची टाकी आहे असा माणूस गाठ आणि हे त्याच्या हवाली कर. वरचे दगड आजच काढ. हातमोजे घाल, तळवा ओढू नकोस. प्लास्टिकचं मऊ कार्ड हळूहळू खाली सरकवत सोडव. दुकानात परत करून पैसे मागू नकोस, ते उद्या तुझ्यासारख्याच दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. आणि मुरुडला नेऊन समुद्रात सोडायचं पुण्य तर मुळीच पदरात घेऊ नकोस. टाकीतले रोग किनाऱ्यावर न्यायचा हक्क तुला कोणी दिलेला नाही.

वर्षभर टाकी नीट सांभाळलीस, रोजच्या नोंदी मला दाखवल्यास, तर बबल-टिप समुद्रफुलाबद्दल बोलू. ते टाकीत आपसूक दुभागतं, त्यामुळे समुद्रातून उपटलेलं घ्यावं लागत नाही. तोवर तुझ्या टाकीत समुद्रफूल दिसता कामा नये. फोन आजच कर, आणि ते कोणाकडे गेलं हे मला रात्रीपर्यंत कळव.