पाचवीचं मागणं

सटवाई आई, आज पाचवी. पाट्यावर तुझी पूजा मांडलीय, कोरा कागद न् पेन ठेवलंय. बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते तू बघ. मी या गावची आशा. माझं मागणं बाजेवरच्या बाळंतिणीसाठी आहे.

नवव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन 8 होतं. कळा लांबल्या, टाके पडले, रक्तही बरंच गेलं. अशा बाईला जंतुसंसर्ग लवकर गाठतो. पण आई, हे तू लिहिलेलं नाहीस. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं म्हणून त्या फडताळात पडून राहिल्या, सगळ्यांचं उरेल ते तिच्या ताटात आलं. आमची करणी तुझ्या लेखणीवर ढकलू देऊ नकोस.

तिला ताप चढला, अंगावरून जाण्याला घाण वास आला, घडीमागून घडी भिजू लागली, तर दृष्ट मागाहून काढू दे, आधी 102 ला फोन लागू दे. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘सुटका झाली, आता कसलं बीपी’ असं कुणी म्हणू नये. झटके बाळंतपणानंतरही येतात. पोट सुटेल म्हणून तिचं पाणी कुणी तोडू नये. इतक्यात डोक्यावर हंडा देऊ नये. अंग बाहेर येतं, खोकताना लघवी सुटते, आणि बायका लाजेपोटी ते वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

मुलगी झाली म्हणून या घरात पेढे आले नाहीत. गोव्यातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणं, यांचा बाळंतपणानंतरच्या नैराश्याशी संबंध त्यात दिसला होता. चार दिवस रडू येणं वेगळं. पंधरवडा उलटूनही तिचं रडू थांबलं नाही, झोप उडाली, बाळाकडे बघवेना, तर त्याला नखरे न म्हणता तिला डॉक्टरकडे नेण्याची बुद्धी नवऱ्याला दे.

42व्या दिवसापर्यंत माझ्या फेऱ्या आहेत. बाळाचं वजन सगळे विचारतील. तिला ‘तुझं कसं आहे?’ विचारलं, की सासूकडे न बघता खरं सांगायचं बळ दे. आणि ‘बायकांना एवढं व्हायचंच’ हे वाक्य आधी माझ्याच तोंडी येऊ देऊ नकोस.