बरे झालात ना, फादर?



जानेवारीत आमच्या दोन्ही डोळ्यांवर लेसर शस्त्रक्रिया झाली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. त्यानंतरच्या रविवारी काळा चष्मा लावून आम्ही चर्चच्या दारात उभे होतो आणि कॅटेकिझमच्या मुलांनी आम्हांला एका सिनेनटाचे नाव बहाल केले होते. तेव्हापासून मिस्सा सुटली की निदान दहा जण तरी विचारतात, ‘‘बरे झालात ना, फादर?’’ आणि ‘‘हो, हो, अगदी छान!’’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. पाच महिन्यांनंतर आज कबूल करायचे आहे की ते उत्तर पुरते खरे नव्हते. त्या अर्धवट उत्तरातून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे. माणूस बरा झाला, हे ठरवायचे कोणी?

त्याआधी एका कुजबुजीचा निकाल लावून टाकू. ‘या वयात फादरांना चष्मा काढायची हौस कशाला?’ असे काहींनी म्हटल्याचे कानावर आले. खर्च आमच्या भावंडांनी केला, धर्मग्रामाच्या पैशाला हात लावलेला नाही. हौस होती का? थोडी असेलही. पण गेली कित्येक वर्षे भर पावसात स्कूटरवरून आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जाताना साडेपाच नंबरच्या काचा पाण्याने भरल्या की आम्ही रस्ता निव्वळ अंदाजाने कापत होतो. दोनदा गटारात जाता जाता वाचलो. गंमत अशी की आमचे वय शेहेचाळीस. या वयात दूरचा नंबर काढला तरी जवळचे वाचायला चष्मा लागतोच, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. आता शेवटच्या बाकावर कोण डुलक्या घेतो ते आम्हांला वेदीवरून स्वच्छ दिसते. मिस्साग्रंथातील अक्षरे मात्र चष्म्याशिवाय दिसत नाहीत. ‘‘ऑपरेशन करून पुन्हा चष्मा?’’ असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

शस्त्रक्रियेविषयी अनेकांनी कुतूहलाने विचारले म्हणून थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचा वरचा पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा एका बाजूला उलटायचा, खालच्या भागाला लेसरने नवा आकार द्यायचा आणि पान पुन्हा जागेवर मिटायचे. टाका नाही, पट्टी नाही. डोळ्यावर कडी बसवून दाब दिला की काही क्षण सगळा काळोख होतो. मग एक लुकलुकणारा ठिपका दिसतो, त्याच्याकडे पाहत राहायचे. केस जळल्यासारखा वास आला तेव्हा मात्र आम्ही मनातल्या मनात जपमाळ सुरू केली. दुसरे गूढ संपायच्या आत दोन्ही डोळे झाले होते.

या लेसरच्या मुळाशी एका भारतीयाचे डोके आहे. मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर अतिनील लेसरने चर काढला. कडा जळल्या नाहीत, आजूबाजूचे मांस करपले नाही. हा किरण एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग, एवढाच थर काढतो. आमच्या नंबरासाठी सगळा मिळून एका केसाच्या जाडीएवढा भाग काढावा लागला. इतके नेमके काम!

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. हॉलंडमधील स्नेलन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली तो तयार केला, आणि थोड्याफार फरकाने तोच आजही जगभर वापरला जातो. आम्ही वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचले. सहा बाय सहा! चौथीत चष्मा लागल्यापासून असे कधी झाले नव्हते. आमचे डोळे भरून आले, पण पुसायची परवानगी नव्हती.

मग रात्र झाली. खिडकीतून पाहिले तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती एक वर्तुळ. समोरून मोटार आली की तिच्या दिव्यांना चहूबाजूंनी काटे फुटायचे. वाटले, दोनचार दिवसांत जाईल. गेले नाही. पहाटे डोळे उघडताना पापणीखाली वाळू असल्यासारखे खुपायचे. कॉर्नियामध्ये रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतूंचे जाळे मात्र शरीरात क्वचितच कुठे असेल इतके दाट असते. पापुद्रा उलटताना त्यातले पुष्कळ तंतू कापले जातात आणि ते पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात. तोवर डोळा कोरडा पडला आहे याची वर्दीच आत नीट पोहोचत नाही. म्हणून बाटलीतले कृत्रिम अश्रू घालायचे. दुःखितांचे अश्रू पुसण्याची दीक्षा घेतलेले आम्ही औषधाच्या दुकानात अश्रू विकत घेत होतो!

महिन्याभराने हे सगळे तपासनीस तरुणाला सांगितले. त्याने पुन्हा तक्ता वाचून घेतला, कागदावर सहा बाय सहा लिहिले आणि म्हणाला, ‘‘फादर, तुम्हांला काहीही झालेले नाही. उगाच विचार करता.’’ त्याचा राग आला, असे म्हणणे कमीच आहे. पण करणार काय? पुरावा त्याच्या हातात होता, आमच्याकडे फक्त तोंड होते. ईस्टरच्या जागरणविधीला दिवे मालवून आपण सर्वांनी मेणबत्त्या पेटवल्या तेव्हा वेदीवरून आम्हांला काय दिसले, ठाऊक आहे? शेकडो ज्योती आणि प्रत्येकीभोवती तेजोवलय. चित्रातल्या संतांच्या डोक्यामागे असते ना, तसे. दुसऱ्या एखाद्या धर्मगुरूने त्याचा साक्षात्कार करून टाकला असता. आम्ही मात्र स्तुतिगीताची ओळ चुकलो.

पुढच्या खेपेला मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहिले. त्यांनी तक्ता वाचायला लावलाच नाही. खोलीतला दिवा मंद केला, दूर एक छोटी बत्ती लावली, आमच्या हातात कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हणाले, ‘‘काय दिसते ते काढून दाखवा.’’ आम्ही वर्तुळे काढली. ती पाहून त्यांनी समजावले की अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसरने आकार दिलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो, त्यामुळे असे होते. हळूहळू कमी होईल, मेंदूही त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकेल. उपचार असा काही केलाच नाही. तरीही घरी येताना आम्हांला अर्धे बरे वाटत होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिक केलेल्यांची याच विषयावर पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आधी वर्तुळे, झगमगाट असा काहीच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी यांतला काही ना काही नवा त्रास दिसत होता. मात्र समाधानी नसलेले अगदी थोडे होते, हेही सांगायला हवे. कोणी भिऊन शस्त्रक्रिया टाळावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. आम्हांला थांबवले ते वेगळ्याच गोष्टीने. प्रश्नावलीवर त्रास लिहिणारे पुष्कळ होते, पण आपल्या डॉक्टरांना तोंडी सांगणारे त्या मानाने कमी.

का बरे? आम्हांला वाटते, समोरचा माणूस ‘बरे आहे ना?’ असे विचारतो तेव्हा त्याला कोणते उत्तर हवे आहे हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. डॉक्टरांनी मेहनत घेतलेली असते. त्यांना नाराज कसे करायचे? ‘ठीक आहे, डॉक्टर.’ आणि मग आमच्या मनात आले, आपल्याला रोज किती जण ‘ठीक आहे, फादर’ म्हणतात?

आपल्या धर्मग्रामातल्या एका बाईंच्या घरातले माणूस अचानक गेले. कोण, कधी, हे लिहीत नाही. एवढेही त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. वर्षदिनाच्या मिस्सेनंतर त्या सॅक्रिस्टीत आल्या आणि म्हणाल्या की कम्युनियनचे गाणे सुरू झाले की अजून श्वास कोंडतो, चर्चमध्ये बसवत नाही. आम्ही झगा उतरवत होतो. पुढे एक बाप्तिस्मा होता. आम्ही म्हणालो, ‘‘बाई, वर्ष झाले. आता पुरे. दोन मुले तुमच्या तोंडाकडे पाहताहेत.’’ त्या ‘‘हो, फादर’’ म्हणाल्या. त्यानंतर त्या दर रविवारी येत राहिल्या. शेवटच्या बाकावर बसायच्या. त्या येतात म्हणजे सावरल्या, असे आमच्या हिशेबी नोंदले गेले. रविवारची हजेरी हा आमचा तक्ता. कम्युनियनच्या गाण्याआधी त्या उठून बाहेर जातात, हे आम्हांला कळले ते नव्या डोळ्यांना शेवटचा बाक दिसू लागल्यावर.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनस यांचे दयेविषयीचे प्रकरण आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. म्हातारी आणि दुबळी माणसे दुसऱ्याच्या दुःखाने लवकर कळवळतात, कारण तेच आपल्यावरही ओढवू शकते हे त्यांना कळते. जे स्वतःला सुखी आणि बलवान समजतात त्यांना तितका कळवळा येत नाही, अशा अर्थाचे ते म्हणतात. त्या प्रश्नाला आम्हांला चांगले गुण पडले होते.

कोणी म्हणेल, मग काय, रोगी म्हणेल तेच खरे? तसेही नाही. दारू सोडलेल्यांना विचारा. ‘मी आता बरा झालो, एका घोटाने काय होते?’ असे म्हणणारा माणूस किती बरा झालेला असतो, ते त्याच्या बायकोला विचारावे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ १९३५ साली सुरू झाली. तिच्या सभांत वीस वीस वर्षे थेंबही न घेतलेला माणूस उभा राहून ‘मी दारुडा आहे’ अशीच स्वतःची ओळख करून देतो. स्वतःच्या बरे होण्याचा दाखला स्वतःच लिहिण्यात धोका असतो, हे ती मंडळी जाणतात. म्हणून तक्ता हवाच. आमचा डोळा खरोखर बिघडत असता तर तो तक्त्यानेच आधी सांगितला असता. तक्ता खोटे बोलत नाही, पण त्याला जेवढे विचारले तेवढेच सांगतो. उजेडात, पांढऱ्यावर काळी अक्षरे ओळखता येतात का, एवढेच त्याला ठाऊक. रात्रीच्या हायवेची त्याला माहिती नाही.

आम्हांला फरक इथे वाटतो. का दुखते, किती दिवस दुखेल, यात रोग्याची चूक होऊ शकते. पण दुखते आहे, यात त्याची चूक कशी होणार? डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की काही रुग्णांच्या डोळ्याची भयंकर आग होते आणि यंत्राखाली डोळा अगदी निर्मळ दिसतो. त्यांना खोटे ठरवणे सर्वांत सोपे. बाईंना आम्ही मुलांची आठवण करून दिली, ते आजही आम्हांला चुकीचे वाटत नाही. ‘आता पुरे’ हे मात्र आमचे नव्हते. ते म्हणायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते.

बरे झाल्याचा दाखला देणे हे मुळात याजकाचेच काम होते, हे लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात वाचायला मिळते. पण तिथे कुष्ठरोग्याला पाहायला याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचे असते. सॅक्रिस्टीत झगा उतरवता उतरवता दाखला देण्याची सोय मोशेच्या नियमशास्त्रात नाही. आणि मार्कलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा पाहा. प्रभू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि मग त्यालाच विचारतो, काही दिसते का. चमत्कार करून झाल्यावर ‘जमले का?’ असे रोग्याला विचारण्याचा असा प्रसंग शुभवर्तमानांत दुसरा नाही. त्या माणसाचेही धैर्य पाहा. समोर प्रत्यक्ष प्रभू, भोवती शिष्य. ‘हो, छान दिसते’ म्हणून तो मोकळा झाला असता. पण तो खरे सांगतो: माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. प्रभूला त्यात अपमान वाटत नाही. तो पुन्हा हात ठेवतो.

गेल्या पंधरवड्यात आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. ‘‘त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता, ते आम्ही ऐकलेच नाही,’’ आम्ही म्हणालो. त्यांनी सूप बाजूला ठेवले. दीड तास बोलल्या. त्यातले काही इथे येणार नाही. चहा झाला, दिवेलागण झाली, तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘आणि तुमचे डोळे, फादर?’’

सवयीने ‘छान’ तोंडावर आले होते. पण वर्तुळे अजून आहेत, पूर्वीपेक्षा लहान झाली आहेत, पहाटे अजून खुपते, असे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘मग अंधारात स्कूटर कशाला चालवता?’’ आणि मुलाला आम्हांला सोडायला पाठवले.

तेव्हा पावसाळा तोंडावर आला आहे म्हणून एक विनंती. आजाऱ्यासाठी रात्री-अपरात्री केव्हाही बोलवा, आम्ही येणारच. फक्त न्यायला कोणाला तरी गाडी घेऊन पाठवा. हायवेवर समोरून येणाऱ्या दिव्यांपुढे आम्हांला अजून भरवसा वाटत नाही.