पुरे म्हणजे किती?

मराठी भाषेतला सगळ्यांत फसवा शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं, तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'पुरे' हा शब्द सांगेन. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की आपण ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'पुरे, पुरे' म्हणतो. वाढप्याला अनुभवानं ठाऊक असतं की पहिल्या 'पुरे'चा अर्थ 'दोन वाढ', दुसऱ्याचा अर्थ 'एक वाढ', आणि माणूस पानावर ओणवा झाला तरच ते 'पुरे' खरं. उलट, 'पगार पुरे' असं म्हणणारा मनुष्य बावीस वर्षांच्या नोकरीत मला बँकेच्या काउंटरच्या अलीकडेही भेटला नाही आणि पलीकडेही भेटला नाही. या शब्दाची एकदा नेमकी व्याख्या करून टाकावी, असं मला फार दिवस वाटत होतं. पण बी.कॉम.ला तत्त्वज्ञान हा विषय नसल्यामुळे ते काम राहून गेलं. शेवटी ती वेळ आणली आमच्या टीव्हीनं.

आमचा टीव्ही २०१२ साली घेतलेला, ३२ इंची. एके दिवशी त्याच्या पडद्यावर मधोमध एक उभी जांभळी रेघ उमटली. दोन-चार दिवस आम्ही तिच्याकडे काणाडोळा केला. 'बातम्या सांगणारी बाई जरा डावीकडे सरकून बसली तर बरं होईल,' असं आई म्हणायला लागली, तेव्हा मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं टीव्हीच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या आणि घरात गंभीर आजारी माणूस असताना डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाला, "साहेब, पॅनेल गेलं. बदलायचा खर्च ऐकाल तर नवीनच घ्याल."

रात्री कुटुंबाची सर्वसाधारण सभा भरली. चिरंजीवांनी ५५ इंचांचा ठराव मांडला. सौ.नं भिंतीवरच्या शोकेसची रुंदी मापून ४३ इंचांची उपसूचना दिली. मी अध्यक्षस्थानावरून २५ हजारांचं अंदाजपत्रक जाहीर केलं. पंचवीसच का, याला शास्त्राधार काही नव्हता. वीस म्हटलं तर घरात किंमत राहत नाही आणि तीस म्हटलं तर खात्यात काही राहत नाही, एवढंच. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आई म्हणाली, "मला काय करायचाय मोठा? होता तेवढा पुरे."

मला तर भरूनच आलं. एवढ्या हावरट जगात आपल्या घरात एक तरी समाधानी माणूस आहे! शिवाय ३२ इंचांत भागलं असतं, तर अंदाजपत्रकातले निम्मे पैसे वाचत होते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं डोंबिवलीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दारातच ८५ इंचांचा एक टीव्ही लावला होता. टीव्ही कसला, लग्नाच्या हॉलचा दरवाजाच तो. किंमत वाचून मी नकळत पाकिटावर हात ठेवला. पण दहा मिनिटांनी एक चमत्कार माझ्या लक्षात आला. तो दाराशी बघितल्यापासून आतला ५५ इंची मला अगदी बिचारा, मध्यमवर्गीय, आपल्यातला वाटायला लागला होता! संख्याशास्त्राच्या पेपरला मध्य आणि मध्यक यांतला फरक मी पाठ केला होता. दहा गरिबांत एक कुबेर आणून बसवला की सगळ्यांची सरासरी श्रीमंत होते, पण मधला माणूस होता तिथंच राहतो. कॉलेजात हे मला पाच मार्कांपुरतं समजलं होतं. खरं समजलं ते त्या दुकानात. दारातला तो अगडबंब टीव्ही बहुधा विकण्यासाठी ठेवलेलाच नसावा. त्याचं काम आमचं 'मध्यम' वर ओढण्याचं!

आत भिंतीवर ओळीनं टीव्ही, आणि प्रत्येकावर तेच पोपट, तीच फुलं, तोच धबधबा. इतका हिरवा पोपट निसर्गानं अजून निर्माण केलेला नाही. झगझगीत उजेडात चित्र उठून दिसावं म्हणून दुकानातल्या टीव्हीचे रंग भडक करून ठेवतात, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं ज्ञान पोपटापुढं टिकत नाही. आधी ३२ इंची बघितला, छान वाटला. शेजारचा ४३ इंची बघितल्यावर ३२ इंचीतला पोपट आजारी दिसायला लागला. ५५ इंचीसमोर उभा राहिलो, तर ४३ इंचीतलाही कोमेजला.

इंचांचाही एक घोटाळा आहे. हा इंच टीव्हीच्या रुंदीचा नाही, उंचीचा नाही, तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. मी खिशातून कागद काढून हिशेब केला. ३२ इंची पडदा क्षेत्रफळानं सुमारे ४३७ चौरस इंच, ४३ इंची सुमारे ७९० आणि ५५ इंची जवळजवळ १३००. म्हणजे इंच वाढतात पावणेदोन पटीसुद्धा नाहीत आणि चित्र होतं तिप्पट. चिरंजीव म्हणाले, "बघा बाबा, ५५ मध्ये किती फायदा आहे!" फायदा शब्दाचा उपयोग बापाविरुद्ध कसा करायचा, हे हल्लीच्या मुलांना शिकवावं लागत नाही.

मग त्यानं मला फोरके समजावून सांगितलं. साध्या एचडी रेडीच्या पडद्यावर साडेदहा लाख ठिपके असतात, फुल एचडीवर वीस लाखांवर आणि फोरकेवर जवळजवळ ८३ लाख. मी विचारलं, "आपल्या खाटेपासून भिंत आठ फूट. तिथून हे ठिपके मोजता येतील?" विक्रेता प्रामाणिक होता. तो म्हणाला, "खरं सांगू का साहेब, ४३ इंचाला आठ फुटांवरून फुल एचडी काय नि फोरके काय, साध्या डोळ्याला फारसा फरक कळत नाही. पण शेजारी-शेजारी ठेवून बघितलं की..."

मुद्दा इथंच आहे, वाचकहो! दुकानात शेजारी दुसरा टीव्ही असतो. घरी नसतो. घरी भिंतीवर एकटाच असतो तो, आणि एकट्या माणसासारखाच आठ दिवसांत सवयीचा होऊन जातो. ज्या तुलनेपायी आपण दहा हजार जास्त मोजतो, ती तुलना दुकानातच राहते. हप्ते तेवढे घरी येतात. 'बिनखर्ची हप्ता' ही पाटी वाचून तर मी बँकेतल्या माणसासारखा हसलो. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला द्यायची नाही आणि तिलाच व्याज म्हणायचं नाही, यात बिनखर्ची काय ते मला माझ्या स्वतःच्या काउंटरवरही कोणाला समजावून सांगता आलेलं नाही.

गरज कुठं संपते आणि चैन कुठं सुरू होते, हे ठरवण्याचा प्रयत्न सरकारनंही करून बघितला आहे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्यावर २८ टक्के, असा दर होता. म्हणजे पावणेसात वर्षं या देशात गरजेची अधिकृत लांबी ३२ इंच होती. पुढचा प्रत्येक इंच चैनीचा. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या टीव्हीचा करही १८ टक्क्यांवर आला आणि ४३ इंच रात्री चैनीत झोपला तो सकाळी गरजेत उठला. सरकारचं हे, तर माझ्यासारख्या कारकुनाचं काय!

मी मनाशी निर्णय घेतला. मोह आवरायचा, ३२ इंचीच घ्यायचा. पतंजलींनी यमांत अपरिग्रह सांगितला आहे आणि नियमांत संतोष. शिवाय घरात आईचं जिवंत उदाहरण आहेच, 'होता तेवढा पुरे!' घरी जाताना रिक्षात मी सौ.ला आणि चिरंजीवांना समाधान या विषयावर एक छोटंसं व्याख्यान दिलं. सौ. रस्त्यावरचे खड्डे बघत होती. व्याख्यान संपल्यावर म्हणाली, "अहो, आई कधी म्हणाल्यात का, पुरे नाही म्हणून?"

बाण असा वर्मी लागला की रात्री झोप येईना.

गिरगावातल्या आमच्या चाळीत १९८७ साली, 'रामायण' सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, वडिलांनी टीव्ही घेतला. २० इंची, कृष्णधवल, लाकडी दारं सरकवून बंद करायचा. आपल्याकडे रंगीत चित्रं १९८२ पासून दिसायला लागली होती, आणि समोरच्या खोलीत रंगीत टीव्ही होताही. मी सात वर्षांचा होतो, रंगीतच हवा म्हणून रडलो होतो. वडिलांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आपल्याला काय करायचाय रंगीत? हा पुरे." वडील सुटल्यासारखे हसले. ते हसू मी विसरलो होतो. रविवारी रिक्षात माझ्या तोंडावर तेच असणार.

पण त्या टीव्हीची हकिगत तिथं संपत नाही. महिन्याभरानं मी शाळेतून घरी आलो, तर पडद्यावर एक प्लॅस्टिकचा कागद डकवलेला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. तेव्हा असे कागद फेरीवाले विकायला आणत. त्यामागून बातम्या वाचणाऱ्या बाईंचे केस निळे, गाल तांबूस आणि साडी, त्या कोणतीही नेसून आल्या तरी, हिरवीगार दिसे. आम्ही मुलं खूश. वडील हसले, म्हणाले, "हे काय खूळ?" आई म्हणाली, "मुलांना बरं वाटतं." पैसे तिनं रद्दीतून काढले होते.

चाळीस वर्षं मी ही हकिगत विनोद म्हणून सांगत आलो. कालपर्यंत बँकेत चहाच्या वेळी सांगत होतो. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की दुपारी घरात मुलं नसतात. मुलं शाळेत, वडील कचेरीत. संध्याकाळची कामं सुरू होण्याआधी त्या कागदाकडे एकटी बघत बसायची ती आई. जिला रंगीत टीव्ही नको होता, तिनं रद्दी विकून रंग विकत घेतले होते.

मग तिची बाकीची 'पुरे' मला आठवायला लागली. शेवटची पोळी घेताना म्हटलेलं पुरे. लग्नाकार्यात जुनीच पैठणी पुरे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याचं पुढं ढकलताना 'एका डोळ्यानं दिसतंय तेवढं पुरे.' त्यातली काही खरी असतीलही. सगळीच खोटी नसणार. पण खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे मी एकदाही तपासून बघितलं नव्हतं. बँकेत सही जुळल्याशिवाय शंभर रुपये न देणारा मनुष्य मी! घरात मात्र तिचं प्रत्येक 'पुरे' मी बिनासहीचं वटवत आलो, कारण प्रत्येक वेळी रक्कम माझ्या खात्यावर जमा होत होती.

पतंजलींना मी उगाच साक्षीला बोलावलं होतं. यम म्हणजे इतरांशी वागताना पाळायचं आणि नियम म्हणजे स्वतःपुरतं पाळायचं, असा त्यांचा अर्थ सांगतात. संतोष नियमांत आहे. स्वतःच्या ताटावर हात आडवा धरणं हा सद्गुण. दुसऱ्याच्या ताटावर आपण हात आडवा धरला, तर त्याला काय म्हणतात, ते सांगायला पतंजली लागत नाहीत.

सोमवारी संध्याकाळी मी आईला घेऊन त्याच दुकानात गेलो. "मला कशाला?" असं ती चार वेळा म्हणाली आणि नवी साडी नेसली. विक्रेत्याला मी म्हटलं, "पोपट नकोत. बातम्या लावा." मग फरशीवर आठ फूट मोजले, तिथं स्टूल ठेवलं आणि आईला बसवलं. "आई, खालची पट्टी वाच."

डोळ्यांच्या दवाखान्यात वाचतात तशी ती वाचू लागली. ३२ इंचीवर 'मुं... मुंबईत' एवढं झालं आणि पट्टी पुढं पळून गेली. म्हणजे इतकी वर्षं ती बातम्या बघत नव्हती, नुसत्या ऐकत होती. आम्ही कोणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. ४३ इंचीवर ती पट्टी अडखळत, पण शेवटपर्यंत वाचली. ५५ इंचीवर घडाघडा वाचली, पण दोन मिनिटांत डोळे मिटून म्हणाली, "एवढी मोठी माणसं घरात नको बाई. अंगावर येतात." मग उठून ४३ इंचीच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याचा आवाज कुठून येतो रे?"

विक्रेता गडबडला. ठिपक्यांबद्दल सगळे विचारतात, आवाजाबद्दल कोणी विचारत नसावं. त्यानं सांगितलं, की टीव्ही सपाट झाल्यापासून आत जागा नाही, स्पीकर बारीक असतात आणि बहुतेक खालच्या बाजूला तोंड करून असतात. "म्हणूनच मालिकेतली माणसं पुटपुटतात," आई म्हणाली. "मला वाटलं, माझे कान गेले."

मी फुल एचडीचा ४३ इंची घेतला आणि फोरकेचे जे पैसे वाचले त्यांतून एक लांबट स्पीकर. अंदाजपत्रक दीड हजारानं कोलमडलं. चिरंजीव दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी विसरले. शेजारी ५५ इंची नव्हता ना!

'पुरे'ची नेमकी व्याख्या मला अजूनही जमलेली नाही. इतकंच कळलं की ती ज्याची त्यानं करायची असते, आणि दुसऱ्याचं 'पुरे' ऐकलं की निदान एकदा तरी पुन्हा विचारायचं असतं.

पहिल्या संध्याकाळी मी रिमोट घेऊन आवाज लावत होतो. आईला म्हटलं, "एवढा पुरे?"

ती नेहमीसारखी 'हो' म्हणायला गेली, थांबली, आणि चष्मा सारखा करत म्हणाली, "वाढव अजून. पुरे झाला की मीच सांगेन."