सोसले म्हणजे सिद्ध झाले काय?

कोकणात दिवाळी येते ती भाताच्या वासाबरोबर. लोंब्या भरून पिवळ्या होतात आणि नेमक्या त्याच रात्रींत रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. चार महिन्यांचे कष्ट एका रात्रीत तुडवले जातात. म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मिळालेली ठासणीची बंदूक आमच्याकडे कित्येक घरांत असे. माझ्या मामांकडेही एक होती.

ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसते. प्रत्येक बार हाताने भरायचा. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सारे गजाने ठासून बसवायचे. शेवटी घोड्याखाली केप. दारूही जुनीच : सोरा, कोळसा आणि गंधक. माप चुकले तर सांगणारे दुसरे कोणी नाही. भरणाऱ्याचा हात आणि त्याची आठवण, एवढाच काय तो पहारा.

त्या वर्षी मी चौदा वर्षांचा होतो. मामांनी संध्याकाळीच बार भरून ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हते. ते जेवायला घरी गेले असता, आपणही कर्तेपण दाखवावे म्हणून मी त्यावर दुसरा बार ठासला. मध्यरात्री डुकरे आली. मामांनी चाप ओढला. ते कोलमडून मागे पडले. खांदा काळानिळा झाला, दोन दिवस कान वाजत राहिले. डोळे वाचले ही देवाची कृपा. सकाळी पाहिले तो नळीला, बुडापासून वीतभर अंतरावर, घशात घास अडकावा तसा फुगवटा आला होता.

मी काही बोललो नाही.

भाऊबीज झाल्यावर मामा मला घेऊन तालुक्याच्या गावी गेले. तिथे एक परवानाधारक मिस्त्री होते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. मिस्त्रींनी नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली, फुगवट्यावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "बार किती होता?"

"नेहमीचाच," मामा म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. "वरून ठोकून सारखी करून द्या. एवढा दणका सोसला आणि फुटली नाही, म्हणजे नळी भक्कमच म्हणायची."

मिस्त्री हसले नाहीत. "ठोकून सारखी करणं तासाभराचं काम आहे. वर रंग चढवला तर फुगवटा कुठं होता ते तुम्हालाही सापडणार नाही. म्हणूनच मी ते करणार नाही. लोखंड तिथं ताणून पातळ झालंय. दिसतंय तोवर तुम्ही सावध आहात. मी झाकलं, की पुढचा धरणारा बेसावध."

मामांचा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटला होता. पुढे वाचनात आले की तो अगदीच पोरकट नव्हता. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे १८१३ च्या कायद्याने बंदुका पारखण्याचे घर स्थापन झाले. तिथे नव्या नळीत मुद्दाम नेहमीपेक्षा जास्त दारू घालून बार काढतात आणि जी टिकते तिच्यावर छाप उठवतात. मग मामांच्या नळीने काय कमी केले होते?

फरक एवढाच, की तिथे बार काढून झाल्यावर नळी पुन्हा तपासतात. कुठे फुगली, कुठे चिरली, ते पाहतात. न फुटणे एवढ्यावर छाप मिळत नाही. लोखंडाचा धर्मच असा आहे की काही मर्यादेपर्यंत ताण दिला तर ते ताण सरताच मूळ जागी येते. मर्यादा ओलांडली की तुटले नाही तरी परतत नाही.

आपण माणसांच्या बाबतीत ही दुसरी तपासणी करतो काय? घरातली थोरली सून सारे निमूट सोसते. मग तिच्यावर आणखी एक ओझे टाकायला कोणाला काही वाटत नाही. वर्गात एखादा मुलगा छड्या खाऊनही रडत नाही. मी शिक्षक आहे, असा मुलगा "घट्ट" म्हणून शिक्षकांच्या खोलीत कौतुकाचा विषय होतो हे मी ऐकले आहे, आणि त्या कौतुकात मीही सामील झालो आहे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. खरे आहे. पण मूर्तिकार प्रत्येक घावानंतर हात थांबवून दगडाकडे पाहतो. न पाहता घातलेल्या घावांनी मूर्ती घडत नाही, खडी होते.

आणि पाहायचे ठरवले तरी आधी खरे कळले पाहिजे. मिस्त्रींनी विचारलेला पहिला प्रश्न तोच होता. नेहमीच्या बाराने नळी फुगली असेल तर दोष लोखंडाचा, किंवा त्यांनीच मागे केलेल्या कामाचा. दुप्पट बाराने फुगली असेल तर दोष हाताचा. उत्तर माझ्या खिशात होते आणि मी फळीवरचे कानस मोजत उभा होतो.

परतताना एस्‌टीच्या थांब्यावर मला राहवले नाही. मी सांगून टाकले. मामा बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. वाटले, आता थोबाडीत बसणार. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तो माणूस तिथं आपलंच काम चुकलं म्हणून बसला असेल." गाडी समोर येऊन लागली होती. ती सोडून आम्ही मागे फिरलो.

मिस्त्रींनी ऐकून घेतले. रागावले नाहीत. "दुसरी नळी बसेल तेव्हा याला घेऊन या," एवढेच म्हणाले. दोन-तीन महिन्यांनी गेलो, तेव्हा त्यांनी नव्या रिकाम्या नळीत गज टाकला आणि तिच्या तोंडाशी जिथे तो आला तिथे कानशीने खाच पाडली. मग कानस माझ्या हातात दिली. "बार भरलेला असला की गज किती वर राहील, त्याची खूण तू कर."

ती खाच थोडी वाकडी आली. मामांनी तो गज शेवटपर्यंत बदलला नाही.